विनंति कशाची करावी?

विनंतिपत्र कसें लिहावें, हें आपल्याकडील शाळांतून मोठ्या काळजीनें शिकविलें जातें. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेंत मागणीपत्राचा किंवा विनंतिपत्राचा प्रश्न असतोच; दिनांक, मायना, विषय, समारोप हीं अंगें जागच्या जागीं असलीं म्हणजे गुण पदरांत पडतात. इंग्रजीच्या परीक्षेंत एखाद्या मताची एक बाजू व तिची उलट बाजू मांडण्याचाही अभ्यास असतो. परंतु हें पत्र जातें कोठें? परीक्षकाच्या गठ्ठ्यांत, आणि तेथून रद्दींत. ज्याच्या नांवें तें लिहिलेलें असतें तो व्यवस्थापक, तो ग्रंथपाल, तो रोपवाटिकेचा मालक या जगांत कोठेंच नसतो. त्यामुळें विद्यार्थ्याच्या अंगीं पत्राचा आकार भिनतो, पण पत्रांतील जोखीम त्याला कधींच कळत नाहीं. पत्रांत जोखीम ती कसली, असें कोणी विचारील. खरें पत्र खऱ्या माणसाच्या हातीं पडलें आणि त्यानें तें मान्य केलें, तर त्यापुढें जें घडेल त्याचा वांटेकरी लिहिणाराही होतो, ही ती जोखीम.

पुणें जिल्ह्याच्या उत्तर टोकास असलेल्या जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांना ही जोखीम फार महाग पडलेली आहे. तेथील प्रश्न बिबट्याचा. विद्यार्थ्यांकडून सार्वजनिक प्रश्नांवर पत्रें लिहवून घ्यावीं आणि मोबाइलवर लहानशा चित्रफिती तयार करवून घ्याव्या, अशी जी पद्धत अलीकडे शाळांतून दिसूं लागली आहे, तिला या दोन तालुक्यांइतकें अवघड, आणि म्हणूनच उपयुक्त, क्षेत्र क्वचितच सांपडेल.

हा मुलूख स्वभावानेंच दुभंगलेला आहे. पश्चिमेस सह्याद्रि, नाणेघाट, भीमाशंकरचें अरण्य, भाताचीं खाचरें आणि महादेव कोळ्यांच्या वाड्या. पूर्वेस कुकडी, मीना व घोड या नद्यांचीं खोरीं. हा पूर्वेचा भाग एके काळीं बाजरीचा होता. पुढें कुकडी प्रकल्पांत येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे आणि डिंभे अशीं पांच धरणें झालीं आणि कालव्यांनीं शिवारें भिजूं लागलीं. डिंभ्याच्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचें नांव आहे. १९३० सालीं मुंबईंत विलायती कापडाच्या मोटारीपुढें आडवा पडून प्राण देणारा हा तरुण आंबेगांव तालुक्यांतील महाळुंगे पडवळचा. ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव मिळालें तें गांव मात्र याच पाण्याखालीं गेलें, आणि तालुक्याचा कारभार घोडेगांवाहून चालतो. असो. पाणी आलें तसा ऊस आला. जुन्नरांत विघ्नहर व आंबेगांवांत भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. आणि उसाच्या आश्रयानें बिबट्या आला.

बिबट्या उसांत कां राहतो, हें शहरांतील वाचकास चटकन् उमगत नाहीं. ऊस पुरुषभर उंचीहून वर जातो, वर्ष-दीड वर्ष शेतांत उभा असतो, आंत गारवा असतो, पाटाचें पाणी जवळ असतें, आणि महिनोन्‌महिने माणूस आंत शिरत नाहीं. बाहेर आलें कीं वस्तीभोवतीं कुत्रीं, डुकरें, शेळ्या, कोंबड्या. बिबट्याला याहून अधिक कांहीं लागत नाहीं. मादी तेथेंच वितें, पिलें तेथेंच वाढतात. त्या पिलांना जंगल म्हणजे काय हें ठाऊकही नसतें. ‘जंगलांतून भरकटून आलेला बिबट्या’ असें वर्तमानपत्रांत नेहमीं छापून येतें. उसांत जन्मलेला जनावराचा जीव जंगलांतून भरकटला कसा, हें बातमीदारालाच ठाऊक.

आतां या प्रदेशांतील जुन्या मागणीकडे वळावयाचें. शेळ्या-वांसरें जाऊं लागलीं तेव्हां लोक वन खात्याकडे गेले आणि म्हणाले, हा प्राणी येथून न्या. मागणी साधी होती, न्याय्य दिसत होती, आणि पुढाऱ्यांपासून पत्रकारांपर्यंत सर्वांनीं ती उचलून धरली. शासनानें ती मान्य केली. २००१ च्या फेब्रुवारीपासून पिंजरे लावून बिबटे पकडण्याचें व दूरच्या अरण्यांत नेऊन सोडण्याचें काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालें. जुन्नर वन विभागांत जुन्नर, आंबेगांव, खेड व शिरूर हे तालुके येतात. विभागाचें क्षेत्र ४,२७५ चौरस किलोमीटर. या विभागांत २९ बिबटे सरासरी ४० किलोमीटर अंतरावर नेऊन सोडले गेले. म्हणजे मागणी करणारे यशस्वी झाले.

त्या यशाचा हिशेब विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुढें शास्त्रीय रीतीनें मांडला. तो २०११ सालीं प्रसिद्ध झाला. १९९३ पासून २००१ च्या आरंभापर्यंत या विभागांत बिबट्यानें माणसावर हल्ला केल्याच्या घटना वर्षाला सरासरी ४ होत्या. बिबटे हलविण्यास सुरुवात झाल्यावर, २००१ ते २००३ या काळांत, ती सरासरी १७ वर गेली. पूर्वीं शंभर हल्ल्यांपैकीं अठरा प्राणघातक ठरत. तें प्रमाण दुप्पट होऊन छत्तीस झालें. ज्यांनीं अर्ज केले, मोर्चे काढले, त्यांच्याच गांवांतलीं, किंवा बिबटे जेथें सोडले त्या गांवांतलीं माणसें, विशेषतः मुलें, या फरकानें गेलीं.

असें कां व्हावें? पकडलेला बिबट्या पिंजऱ्याच्या गजांवर दांत मोडतो, दिवसभर गर्दीचा गोंगाट सोसतो, आणि मग जेथली वाट, जेथलें पाणी, जेथलें भक्ष्य त्याला ठाऊक नाहीं अशा ठिकाणीं रात्रीं सोडला जातो. तेथें आधींच दुसरा बिबट्या असतो, आणि खेडींही असतात. इकडे त्याची मोकळी झालेली जागा दुसरा, बहुधा तरणा व अनुभव नसलेला, बिबट्या घेतो. शिवाय नेलेला प्राणी तेथें राहील याची शाश्वती नाहीं. २००९ सालीं पारनेर तालुक्यांतील टाकळी ढोकेश्वर येथें विहिरींत पडलेल्या एका मोठ्या नर बिबट्यास बाहेर काढून, गळ्यांत संकेत देणारा पट्टा बांधून, माळशेज घाटांत सोडण्यांत आलें. तो तेथें थांबला नाहीं. महामार्ग, लोहमार्ग व खाडी ओलांडून सुमारें १२० किलोमीटरांची मजल मारीत तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरांत पोंचला. वाटेंत त्यानें कोणाही माणसाला दुखविलें नाहीं. अभ्यासकांनीं त्याचें नांव ‘आजोबा’ ठेविलें होतें. त्याच नांवाचा मराठी चित्रपट २०१४ सालीं निघाला, आणि शहरांतील अनेक कुटुंबांना या विषयाची पहिली ओळख त्या चित्रपटानें झाली. शास्त्रज्ञांच्या निबंधाला जें साधत नाहीं तें कधीं कधीं चित्राला साधतें, याचा हा एक पुरावा.

उत्तरेस अकोले तालुक्यांत याच अभ्यासकांनीं उसांत व वस्त्यांजवळ आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावले होते. चौरस किलोमीटरला तीनशेंहून अधिक माणसें राहतात अशा त्या प्रदेशांत शंभर चौरस किलोमीटरला जवळजवळ पांच प्रौढ बिबटे आढळले. हा वृत्तांत २०१३ चा. त्यांच्या आहारांत सर्वांत मोठा वांटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा निघाला. इतके बिबटे व इतकीं माणसें शेजारीं राहूनही माणसावरील हल्ले तेथें क्वचित् होत. तेव्हां बिबट्या दिसला म्हणजे माणूस मेलाच, हें समीकरण खरें नाहीं. पण तें सर्वस्वी खोटेंही नाहीं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत जुन्नर-आंबेगांवला लागून असलेल्या शिरूर तालुक्यांत, पिंपरखेडच्या परिसरांत, थोड्याच दिवसांच्या अंतरानें दोन मुलें आणि एक वृद्ध स्त्री बिबट्याच्या हल्ल्यांत मृत्यु पावलीं. संतापलेल्या लोकांनीं मंचरजवळ पुणें-नाशिक महामार्ग अडविला. ज्या घरांतलें मूल गेलें त्या घरापुढें उभें राहून सहजीवनाचा उपदेश करणें हें असभ्यपणाचें आहे. माणूस मारण्याची संवय लागलेल्या विशिष्ट जनावरास पकडण्याची, आणि तें साधलें नाहीं तर ठार करण्याची, परवानगी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांतच आहे. ती मागण्यांत गैर कांहीं नाहीं. गैर आहे तें एवढेंच, कीं एका जनावराचा गुन्हा साऱ्या जातीवर घालून ‘सगळेच उचलून न्या’ असें म्हणावें, आणि २००१ ते २००३ चा हिशेब पुन्हां नव्यानें मांडावयास लावावा.

अशी कठीण गोष्ट चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हातीं द्यावी काय? पुष्कळ पालकांस वाटतें कीं देऊं नये. मुलांनीं अभ्यास करावा, अर्ज-विनंत्या वडीलधाऱ्यांनीं कराव्या. या आक्षेपाला उत्तर पुण्याच्याच इतिहासांत आहे. १८५५ सालीं जोतिराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदया’ंत छापून आला. त्या निबंधांत तिनें भोगलेलें व पाहिलेलें होतें. म्हणूनच दीडशें वर्षांहून अधिक काळ तो वाचला जात आहे. जुन्नर-आंबेगांवच्या मुलांचेंही तसेंच आहे. या प्रश्नांत तीं प्रेक्षक नाहींत. संध्याकाळच्या वेळीं उसाच्या दोन भिंतींमधून दप्तर घेऊन घरीं जाणारें तीं मुलें आहेत.

तर मग वर्गानें काय करावें? पहिलें काम लिहिण्याचें नव्हेच, पाहण्याचें. एक महिनाभर प्रत्येक मुलानें आपल्या वाटेची नोंद ठेवावी. घरून निघण्याची वेळ, परतण्याची वेळ, वाटेवर ऊस कोठें लागतो, दिवा कोठें नाहीं, कचऱ्याचा ढीग कोठें आहे व तेथें कुत्रीं किती जमतात, कठडा नसलेली विहीर कोणती, कोणाच्या गोठ्याला दार नाहीं. नकाशा हातानें काढलेला चालेल. या नोंदींतून जें दिसतें तें गांवांतील मोठ्या माणसांच्याही ध्यानीं आलेलें नसतें. उदाहरणार्थ, मार्गशीर्ष-पौषांत या भागांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शाळा पांचनंतर सुटली आणि गाडी अर्ध्या तासानें आली, तर फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालणाऱ्या मुलाची सारी वाट अंधारांत जाते. शाळा किंवा गाडी अर्धा तास अलीकडे आली, तर तीच वाट उजेडांत जाते. बिबट्या तोच, ऊस तोच.

आतां पत्रें पाहूं. ‘आमच्या परिसरांत बिबट्यांची प्रचंड दहशत पसरली असून शासनानें त्वरित ठोस उपाययोजना करावी’, हें वाक्य कोणत्याही तालुक्यांत, कोणत्याही वर्षीं लिहितां येतें, आणि म्हणूनच तें कोणालाही लागूं पडत नाहीं. शासन म्हणजे कोण? ठोस म्हणजे काय? त्वरित म्हणजे केव्हां? हें पत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्यास करण्यासारखें एकच काम उरतें. तें म्हणजे पिंजरा लावणें. दुसरें पत्र असें असूं शकतें: ‘अमुक फाट्यावर उतरणारे आम्ही सतरा विद्यार्थी आहोंत. सोबत आमच्या परतीच्या वेळांचा तक्ता जोडला आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांपुरती पावणेसहाची गाडी सव्वापांचला सोडावी, ही विनंति.’ हें पत्र एस्. टी.च्या आगार व्यवस्थापकाच्या नांवें जाईल. त्याला ‘हो’ किंवा ‘नाहीं’ म्हणावेंच लागेल, आणि ‘नाहीं’ म्हटलें तर कारण द्यावें लागेल. पत्रांतील विशेषणें कमी होऊन आंकडे वाढले, कीं तें टाळणें कठीण जातें.

यापुढचें पत्र मुलांना प्रथम चमत्कारिक वाटेल. कारण बिबट्यासंबंधींचें हें पत्र वन खात्याकडे न जातां वीज कंपनीकडे जावयाचें आहे. शेतीपंपाची वीज पाळीपाळीनें येते. कांहीं दिवस ती दिवसां असते, कांहीं दिवस रात्रीं. रात्रीची पाळी आली कीं शेतकरी विजेरी घेऊन उसांत पाणी धरावयास जातो, बारें देण्यासाठीं वांकतो, आणि वांकलेला किंवा बसलेला माणूस अंधारांत बिबट्यास माणूस वाटत नाहीं. लहान चतुष्पाद वाटतो. दिवसां वीज देण्यासाठीं राज्य शासनाची सौर कृषि वाहिनी योजना २०१७ पासून आहे, आणि २०२३ मध्यें तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. तेव्हां आपल्या गांवचा वाहक कोणता, त्यावर दिवसां वीज केव्हां मिळणार, आणि तोंपर्यंत बिबट्याचा वावर असलेल्या शिवारांना रात्रीच्या पाळींतून वगळतां येईल काय, हे तीन प्रश्न नेमके विचारतां येतात. शेतकऱ्यांच्या संघटनांनीं ही मागणी अनेकदां केलेलीच आहे. पण बापानें रात्रीं शेतांत जावें आणि मुलानें दाराशीं जागत बसावें, हा अनुभव ज्यानें घेतला त्याच्या लेखणीनें ती मागणी आली, तर तिचें वजन निराळें असतें.

ग्रामपंचायतीकडे जाणारीं पत्रें सोपीं आहेत. कचरा, कुत्रीं, वाटेवरचीं झुडपें, दिवे आणि विहिरींचे कठडे. त्यांवर फार वेळ घालविण्याचें कारण नाहीं.

सर्वांत कठीण पत्र घरचें. उसाच्या शेवटच्या सऱ्या कित्येक वस्त्यांवर घराच्या ओट्याला टेकलेल्या असतात. आंगणांत मूल खेळतें आणि पांच हातांवर ऊस सळसळतो. घराभोवतीं मोकळी पट्टी सोडली तर बिबट्याला दबा धरून बसावयास आडोसा राहत नाहीं, हें कोणालाही पटतें. पण ती पट्टी सोडणें म्हणजे तितका ऊस, तितके टन, तितके रुपये सोडणें. येथें मुलाला वडिलांची समजूत घालावयाची असते, आणि तीही उसाच्या उत्पन्नावर आपली फी भरली जाते हें जाणून. ‘आप्पा, दोन सऱ्या सोडा’ एवढेंच म्हणून चालत नाहीं. त्या दोन सऱ्यांचें उत्पन्न किती, तेथें मेथी, कोथिंबीर किंवा चाऱ्याचें बुटकें पीक घेतलें तर त्यांतलें किती भरून येईल, शेळ्यांच्या गोठ्याला जाळीचें दार बसविण्यास काय खर्च येईल, आणि गेल्या दोन वर्षांत घरच्या किती शेळ्या गेल्या, हा हिशेब मांडावा लागतो. उलट बाजूही लिहावी लागते; कारण आप्पा ती बोलून दाखविणारच. परीक्षेंतला तो दोन बाजूंचा प्रश्न येथें खरा होतो. कधीं आप्पांचीच बाजू बळकट निघेल, जमीनच एवढीशी असेल. मग निदान दार आणि दिवा एवढ्यावर तडजोड करावी लागेल. मुलानें हरणें हाही त्या अभ्यासाचाच एक भाग मानावा.

परंतु ज्यांना पत्र लिहून उपयोग नाहीं असा एक मोठा वर्ग या प्रश्नांत आहे, आणि चित्रफितीचें खरें काम तेथेंच आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर व इतर दुष्काळी भागांतून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. मुकादमाची उचल घेतलेलीं हीं नवरा-बायकोचीं जोडपीं, ज्यांना ‘कोयता’ याच नांवानें मोजतात, शेताच्या कडेला कोपी घालून राहतात. पहांटे अंधारांत तोड सुरू होते. तान्हें मूल बांधावर झोळींत असतें, मोठें मूल त्याच्याजवळ. कोपीला दार नसतें. सुटणाऱ्या उसांतून बिबट्या बाहेर पडतो तो यांच्याच पुढ्यांत, आणि त्याचीं पिलें सांपडतात तींही यांनाच. यांतील अनेकांना वाचतां येत नाहीं. ज्यांना येतें त्यांना वाचावयास वेळ नसतो. मात्र कोपींत एक तरी मोबाइल असतो, आणि कारखान्याच्या गाडीतळावर गाडी रिकामी होण्याची वाट पाहत तासन्‌तास बसावें लागतें. तीन मिनिटांची चित्रफीत त्या वेळांत पाहिली जाते.

तिच्यांत काय असावें? पिलांचा भाग आधीं. पिलूं दिसलें कीं तें उचलून घेऊन छायाचित्र काढण्याचा मोह सर्वांनाच होतो. दोन-तीन पिलें, डोळे जेमतेम उघडलेलीं, मांजरासारखीं. तीं उचलून गांवांत आणलीं म्हणजे मादी त्यांना शोधीत रात्रभर त्याच शिवारांत फिरते, आणि अशा मादीसमोर जो येईल त्याची धडगत नसते. म्हणून तोड तेवढ्यापुरती थांबवावी, मुकादमास सांगावें, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें. वन विभागाचे लोक आणि माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राचे वैद्य येऊन पिलें तपासतात, तीं सांपडल्या जागींच सुरक्षित पेटीवजा टोपल्यांत ठेवितात, आणि मादी बहुधा रात्रींच येऊन त्यांना घेऊन जाते. या रीतीनें जुन्नर-आंबेगांवच्या शेतांतून कितीतरी पिलें आईकडे परत गेलेलीं आहेत. हें केंद्र वाइल्डलाइफ एस्‌ओएस् ही संस्था वन खात्याबरोबर २००७ पासून चालवीत आहे. एक दिवस तोड थांबली तर मजुरी बुडते, हें मात्र चित्रफितीनें लपवूं नये. त्या दिवसाचें काम दुसऱ्या फडांत कसें मिळेल, हें शेतकऱ्यानें व कारखान्याच्या चिटबॉयनें ठरवावयाचें असतें; तेव्हां चित्रफितीचा पहिला प्रेक्षक मजूर नसून चिटबॉय असावा, असेंही ध्यानीं येईल.

दुसरा भाग लेंकरांचा. बांधावर मूल एकटें ठेवूं नये. मोठ्या माणसानें जवळ असावें. मोबाइलवर गाणें लावावें, बोलत राहावें. कोपीशीं उजेड असावा. रात्रीं-पहांटे प्रातर्विधीस एकट्यानें जाऊं नये, आणि उसाच्या कडेला बसूं नये. या सर्व गोष्टी सांगून कंटाळवाण्या होतात, करून दाखविल्या तर लक्षांत राहतात. तोडणाऱ्यांचीच बोली असली तर अधिक बरें. जुन्नरच्या मुलांनीं शुद्ध पुस्तकी मराठींत उपदेश केला तर गाडीतळावर हंशा पिकेल.

या चित्रफितींत बिबट्या दाखवूं नये, अशी एक सूचना येथें करावीशी वाटते. मुलांना ती मुळींच आवडणार नाहीं. बिबट्या नाहीं तर पाहील कोण, असें तीं म्हणतील. परंतु बिबट्याचें चित्र आलें कीं पाहणाऱ्याचें सारें लक्ष त्याकडे जातें आणि दार, दिवा, झोळी हीं विसरलीं जातात. दुसरें असें, कीं तें चित्र मिळवावयाचें कसें? उसाशीं मुलांनीं दबा धरून बसावें, हें कल्पनेंतही आणूं नये. विहिरींत पडलेल्या बिबट्याभोवतीं शेंकडों माणसें मोबाइल उंचावून उभीं राहतात आणि तो बाहेर काढण्याचें काम त्या गर्दीमुळेंच लांबतें. त्या गर्दींत आपल्या वर्गाची भर कशाला? उरलें परजिल्ह्यांतलें जुनें चित्र आपल्या गांवचें म्हणून वापरणें, किंवा हल्लीं संगणकाच्या कृत्रिम बुद्धीनें हवा तसा बिबट्या हव्या त्या अंगणांत बसविणें. असल्या बनावट चित्रांनीं सारीं गांवें रात्रभर जागलेलीं आहेत आणि वन खात्याचीं पथकें उगाच धांवलेलीं आहेत. ज्या दिवशीं खरा बिबट्या आंगणांत येतो त्या दिवशीं मग खऱ्या निरोपावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. म्हणून वर्गानें एवढें व्रत पाळावें, कीं चित्रफितींतील प्रत्येक दृश्य आपण घेतलेलें असेल आणि तें कोठलें व केव्हांचें हें त्यावर लिहिलेलें असेल. ज्या घरीं मृत्यु घडला त्या घराचें, तेथील रडणाऱ्या माणसांचें चित्र घेऊं नये. तें फार परिणामकारक होईल यांत शंका नाहीं. परंतु परिणामकारक असतें तें सर्वच घ्यावयाचें नसतें.

पश्चिमेकडील वाड्यांत मात्र कॅमेरा जरूर न्यावा. तेथें वाघोबाचीं ठाणीं आहेत. शेंदूर लावलेला दगड, कोरलेली आकृति. आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वाघबारशीला, महादेव कोळी गुराखी तेथें पूजा करतात आणि गुरांचें रक्षण मागतात. पूर्वेच्या बागायती गांवांतील मुलांस आपल्याच तालुक्यांतला हा आचार बहुधा ठाऊक नसतो. एखाद्या वृद्ध गुराख्यास बोलतें केलें तर तो वाघाला देव मानूनही रात्रीं गोठा कसा बंद करतो, गुरें वळतांना हांका कां मारतो, कोणत्या वेळीं कोणत्या ओढ्याकडे जात नाहीं, हें सांगेल. भक्ति आणि खबरदारी यांचा तेथें विरोध नाहीं. ही मुलाखत शाळेच्या संग्रहीं राहावी.

तयार झालेलें काम दाखवावयास जागाही जवळच आहे. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारांत राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्तानें, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, जें प्रदर्शन भरतें त्यांत या भागांतील शाळा आपापले प्रयोग मांडतात. वाटांचा नकाशा, पाठविलेल्या पत्रांच्या प्रती आणि त्यांना आलेलीं उत्तरें तेथें भिंतीवर लावतां येतील. उत्तर न आलेल्या पत्राची प्रतही लावावी, आणि शेजारीं जागा कोरी सोडावी.

परंतु चित्रफितीला फेब्रुवारीपर्यंत थांबून चालणार नाहीं. तोवर अर्धा ऊस तोडून झालेला असतो. टोळ्या दिवाळीनंतर फडांत उतरतात. म्हणून वाटांच्या नोंदी आषाढ-श्रावणांत, घरचीं पत्रें गणपतीच्या आगेंमागें, वीज कंपनीचें व एस्. टी.चें पत्र नवरात्रापूर्वीं, आणि चित्रफीत सहामाही परीक्षेच्या आधीं पुरी झाली पाहिजे. कारखान्याचा बॉयलर पेटतो त्या दिवशीं गाडीतळावर चिटबॉय, मुकादम व पहिल्या टोळ्या एकाच जागीं भेटतात. वर्गांतल्या दोघा-तिघांनीं शिक्षकांबरोबर त्या दिवशीं तेथें जावें, आणि चित्रफीत मुकादमांच्या मोबाइलांवर आपल्या हातानें उतरवून द्यावी.